दारावरून गेलेली हाळी

महिपती मास्तरला विडीचं व्यसन नव्हतं, तमाशाचा नाद नव्हता, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खोड म्हणाल तर एकच. दिसेल त्या गोष्टीला बोट लावून विचारायचा, "हे कुणी सांगितलं?" अरे भल्या माणसा, जग चाललंय तसं चालू द्यावं, आपण आपली भाकरी खावी आणि गप पडावं! पण गप बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्या एका सवालानं त्याचं कसं वाटोळं झालं, हे सोलापुरातल्या गिरणीमागच्या धनगरवस्तीतली जुनी माणसं सांगतात. सांगताना मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत.

मूळचा तो सांगोल्याकडचा. बाप मेंढरं राखायचा. एका दुष्काळात आधी मेंढरं गेली आणि मग वाटेवरच बाप गेला. परमुलूख, ओळखीचं कुत्रंही नाही. त्याच्या बायकोनं, म्हणजे महिपतीच्या आईनं, बाळाबाईनं, कुणा वाटसरूच्या हातापाया पडून त्याच्या गाडीवर नवऱ्याला घातलं आणि मातीला नेलं. खांदा द्यायला माणूस नव्हता. मग पोराचा हात धरून ती सोलापुरात आली आणि गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागली. सुताची धूळ खाऊन खाऊन छातीचं खोकं झालं, पण पोराला तिनं शाळेतून काढलं नाही. पोरगा सातवी पास झाला, ट्रेनिंग करून आला आणि वस्तीतल्याच शाळेवर मास्तर म्हणून नेमला गेला. धनगराचा पोरगा मास्तर! वस्तीनं ढोल लावले, भंडारा उधळला. धुळाप्पा जॉबरनं स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्याला फेटा बांधला.

हा धुळाप्पा म्हणजे वस्तीचा मोठा माणूस. गिरणीत कुणाला लावायचं आणि कुणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचं, हे त्याच्या जिभेवर. वस्तीची बैठक बसली की तो घोंगडीच्या मधोमध बसायचा. आवाज कधी चढवायचा नाही. त्याला गरजच काय होती!

बाळाबाईचा मान वेगळाच होता. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट बघू नये, असं आपल्यात म्हणतात. पण वस्तीतली निम्मी माणसं दिवसपाळीला, निम्मी रातपाळीला. कोण मेलं, कोण जगलं, कळायचं कसं? म्हणून सिदू होता. कुणी गेलं की सिदू दारोदार फिरायचा. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, बाहेरूनच हाळी द्यायचा, "अमक्याच्या दारात चला वोऽ!" हाळी आली की माणूस हातातला घास टाकून उठायचा. होता होता असं झालं की हाळी आली तरच उठायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपलं पडत गेलं. एकटी बाळाबाई तेवढी हाळीसाठी थांबायची नाही. रडण्याचा पहिला आवाज कानी आला की पदर खोचून निघाली. बाई गेलेली असली तर तिला न्हाऊ घालायचा पहिला तांब्या बाळाबाईचा. वस्तीतल्या किती मेलेल्या बायकांच्या कपाळाला तिनं शेवटचं कुंकू लावलं असेल, देव जाणे.

स्वतःसाठी तिनं जन्मात एकच मागणं मागितलं. सून सोजर भाकरी थापत असायची, पोरगा पाटावर बसलेला असायचा, आणि ही मध्येच म्हणायची, "महिपा, मला लुगडं नगं, दवापानी नगं. म्या गेल्यावं आपल्या मान्सांचं चार खांदं मिळू देत. तुज्या बाला मिळालं न्हाईत रं. गाडीवर घालून न्हेला मेंढरावानी."

"आये, चार कशाला? सारी वस्ती लोटंल की तुला," महिपती म्हणायचा.

"लोटू दे बाबा. पर तू कुनाशी वाकडं घेऊ नगंस."

आणि आईचं हे एवढंच त्याला ऐकता आलं नाही.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. शनिवारी सकाळची शाळा. सातवीच्या पोरांना, म्हणजे मिसरूड फुटलेल्या घोड्यांनाच, त्यानं एक नवा धडा सुरू केला. पुस्तक नाही, पाटी नाही. म्हणाला, "घरातलं, गल्लीतलं रोजचं काहीतरी बघून या. सगळेच करतात, पण कुणीच कुणाला सांगितलेलं नाही, असं."

पोरं आधी दात काढून हसली. मग पुढच्या शनिवारी एकेक जण बोलायला लागला. एक म्हणाला, "मास्तर, आमचा आज्जा गिरनीतनं निघून लई वर्सं झाली. तरी भोंगा झाला की उठतो, डोक्याला मुंडासं गुंडाळतो, दारापातूर जातो आन् पुन्ना येऊन बसतो." वर्ग खदखदून हसला. महिपती मात्र हसला नाही. म्हणाला, "भोंगा गिरणीत वाजतो की आज्ज्याच्या पायात?"

दुसरा म्हणाला, "ठेसनाजवळच्या हाटेलाभाईर खिळ्याला येक कप टांगल्याला असतो. म्या ईचारलं, ह्यो कुनाचा? हाटेलवाला म्हनला, ज्याचा हाय त्येला ठावं."

"आणि ज्याचा आहे त्याला कुणी सांगितलं?"

मागच्या रांगेतनं येडू उठला. येडू म्हणजे भीमाचा पोरगा. भीमा धुळाप्पाच्याच हाताखाली खात्यात कामाला. पोरगं मोठं तल्लख. म्हणाला, "मास्तर, माजी आय सगळ्यांच्या मागनं जेवती. म्या ईचारलं, तुला कुनी सांगितलं गं मागनं जेवायला? तर म्हनली, आधी दुरडीत भाकरी ऱ्हायली का बग."

महिपतीला त्या पोराचा असा अभिमान वाटला की घरी जाऊन त्यानं आईला आणि बायकोला ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. सोजर ऐकून हसली आणि मागनंच जेवायला बसली. ते काही मास्तरच्या ध्यानात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच की!

तो पोरांना सांगायचा, "माणसं हुकमाला भितात असं आपल्याला वाटतं. तसं नसतंय रे. माणूस शेजाऱ्याकडे बघतो, शेजारी त्याच्याकडे बघतो. पहिला निघतो तो एकटा पडतो. दुसऱ्याला निदान सोबत तरी असते. म्हणून सगळे पहिल्याची वाट बघत बसतात. एकदा हे दिसलं ना, की माणूस मोकळा झाला." बिचाऱ्याचा खरंच तसा विश्वास होता. दिसलं की सुटलं!

इथवर सगळं गोड चाललं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं त्याच्या नशिबात होतं ना!

बिरोबाच्या जत्रेसाठी वस्तीची बैठक बसायची होती. शनिवारी महिपती पोरांना म्हणाला, "बैठकीला जा आणि मागं बसून नुसतं बघा. धुळाप्पाअण्णा कमरेची पानाची चंची सोडेपर्यंत कुणी तोंड उघडणार नाही. चंची आधी ज्याच्या हातात जाईल तो आधी बोलेल, आणि अण्णांच्या मनातलंच बोलेल. चंची फिरते तसा मान फिरतो." वाईट त्याच्या मनात काही नव्हतं. भोंगा, कप, भाकरीची दुरडी, त्यातलंच हे आणखी एक. आता माणसानं किती भोळं असावं, सांगा!

बैठक बसली. बिरोबाच्या देवळात घोंगडी अंथरलेली. म्हातारेकोतारे, कर्ते पुरुष सगळे गोळा झालेले; महिपतीही कडेला होता. पोरं मागं भिंतीला टेकून. सगळी माणसं खाकरतायत, पायाची बोटं कुरवाळतायत, पण शब्द कुणी बोलत नाही. बराच वेळ गेला. मग धुळाप्पानं सावकाश कमरेला हात घातला आणि चंचीची दोरी सोडली.

पोरांच्यात कुणाला तरी हसू फुटलं. मग दुसऱ्याला. धुळाप्पानं पान काढून शेजारच्या म्हाताऱ्याला दिलं, म्हाताऱ्यानं लगेच घसा साफ करून तोंड उघडलं, आणि मागं पोरांचा असा हशा उसळला की देवळातली कबुतरं उडाली. थांबता थांबेना. पोटं धरधरून हसली कार्टी. येडूच्या डोळ्यांतनं तर पाणी आलं.

धुळाप्पा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं! त्यानं मागं वळून पोरांकडे बघितलं, मग महिपतीकडे बघितलं, आणि मंद हसून म्हणाला, "मास्तर, पोरं हुशार क्येलीसा." बस, एवढंच. मग चंची फिरायला लागली. या हातातनं त्या हातात, त्या हातातनं पुढच्या. महिपतीच्या अलीकडच्या माणसानं पान घेतलं, चंचीची दोरी आवळली आणि हात लांब करून ती महिपतीच्या पलीकडच्याला दिली. त्या माणसाला कुणी डोळ्यानं खुणावलंही नव्हतं. महिपतीनं पुढं केलेला हात तसाच मांडीवर ठेवला.

त्या दिवसापासून भांडण म्हणाल तर नाही, शिवी नाही, दगड नाही. रस्त्यात माणसं हात जोडायची, "काय मास्तर, बरं हाय न्हवं?" विचारायची. पोरं शाळेला यायची. फक्त लगीनसराई आली तेव्हा शेजारच्या घराला जेवणाचं आवतण आलं, त्याच्या पुढच्या घराला आलं, मास्तरच्या दाराला आलं नाही. सोजर नळावर गेली की बायका सरकून तिला जागा द्यायच्या आणि बोलायच्या थांबायच्या. तिनं घागर उचलली की पुन्हा बोलणं सुरू. सोजर बार्शीच्या आपल्या मावशीकडे चार दिवस जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "तितं नळावर बायका भांडत्यात वो. किती बरं वाटलं."

महिपती म्हणायचा, "होईल कमी. किती दिवस टिकतंय!" वरवर म्हणायचा. आतनं तो पार धास्तावला होता, कारण आईचा खोकला वाढत चालला होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे ते चार खांदे दिसायला लागले होते.

मग एके सकाळी वस्तीतली एक म्हातारी गेली. सिदूची हाळी मास्तरच्या दारावरून पुढं निघून गेली. बाळाबाई कुठली हाळीसाठी थांबतेय! खोकत खोकत, भिंतीला धरत ती गेली. तासाभरात परत आली आणि चुलीपुढे बसली. लुगडं कोरडं. सोजरनं विचारलं, "आत्या, लौकर आलासा?"

"न्हाऊ घातली की त्येंनी."

"तुमाला कुनी काय बोललं का?"

"न्हाय गं बाय. बस म्हनल्या. पाट दिला बसायला. पर माज्या हातात तांब्या कुनी दिला न्हाय." आणि मग ती म्हातारी, जिनं साऱ्या वस्तीची मढी कोरड्या डोळ्यांनी धुतली होती, पोरासारखी ओक्साबोक्शी रडली. त्या दिवशी तिनं अंथरूण धरलं ते सोडलं नाही.

अंथरुणावरून ती पोराला एकच सांगायची, "धुळाप्पाकडं जा. पाय धर. माज्यासाठी धर रं." महिपतीचा ताठा कुठच्या कुठं गेला. आईपुढं कसला आलाय ताठा! तो गेला. धुळाप्पाच्या ओसरीवर उभं राहून त्यानं डोक्याचा फेटा काढला आणि खाली ठेवला.

"आरं आरं, ह्ये काय!" धुळाप्पानं फेटा उचलून त्याच्या हातात दिला. "बसा मास्तर. च्या घ्या."

"अण्णा, माझी चूक झाली. पोरांना मीच बोललो होतो. काय दंड असेल तो भरतो, पण आम्हाला आत घ्या. आईचं काही खरं नाही."

"आत म्हंजी? तुमाला भाईर काडलं कुनी?"

महिपती हातातला फेटा उगाच गुंडाळत राहिला.

"बैठक बसली? ठराव झाला? म्या कुनाला काय बोललो? आना त्येला म्होरं, इच्यारू. तुमी शिकल्याली मान्सं, तुमीच सांगा की. कुनी सांगितलं?"

आपलाच सवाल तोंडावर बसला. धुळाप्पाच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि बहुधा तो खोटं बोलतही नव्हता. त्यानं खरंच कुणाला काही सांगितलं नसावं. बाहेर काढलं असतं तर आत घेता आलं असतं. दंड लावला असता तर भरता आला असता. जे कुणी केलंच नाही ते पुसायचं कसं? चहा आला. महिपतीनं तो घेतला. धुळाप्पाची चंची कमरेलाच होती, ती त्यानं काही सोडली नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "झालं का रं?"

"झालं," तो म्हणाला. ती बापडी समाधानानं हसली. आईशी आयुष्यात बोललेलं ते त्याचं पहिलं खोटं.

ती गेली तेव्हा दिवसपाळीचा भोंगा होऊन गेला होता. रातपाळीची माणसं नुकती घरी आली होती, वस्तीत चुली पेटल्या होत्या. सोजरनं हंबरडा फोडला. तो साऱ्या गल्लीनं ऐकला. रीतीप्रमाणे चुली विझल्या, बायका दारांत आल्या, आणि दारांतच राहिल्या. सोजरनं एकटीनं सासूला न्हाऊ घातलं. पहिला तांब्या तिचा आणि शेवटचाही तिचाच.

महिपती सिदूकडे गेला. सिदू उकिडवा बसला होता. "वंगाळ झालं मास्तर. लई वंगाळ. म्हातारीनं माज्या आयला न्हाऊ घातलं हुतं," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मग हाळी दे की सिदू."

"देतो की. न्हाय कुटं म्हनतो? धुळाप्पा गिरनीत हायत. त्ये येऊ द्यात, मग देतो."

तेव्हा महिपतीनं जे केलं ते वस्तीत आजवर कुणी केलं नव्हतं. ज्याच्या घरात मढं आहे तो दार सोडून हलत नाही. पण हा उघड्या डोक्यानं निघाला आणि दारोदार स्वतःच हाळी देत फिरला, "बाळाबाईच्या दारात चला वो! माझ्या आईच्या दारात चला!" पहिल्या दारापाशी आवाज मोठा होता. शेवटच्या दारापाशी तो नुसते ओठ हलवत होता. कुणी दार लावलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. प्रत्येक जण हात जोडून म्हणत होता, "व्हय मास्तर, आलोच. तुमी व्हा म्होरं." रातपाळी करून आलेला येडूचा बाप भीमाही म्हणाला, "व्हा म्होरं, आलोच."

तो पुढं होऊन दारात बसला. तिरडी त्यानं एकट्यानंच बांधली होती. ऊन चढत गेलं. गल्लीत दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर माणसं उभी. हा त्याच्या दाराकडे बघतोय, तो ह्याच्या. कुणी एक पाय खाली टाकायचा, समोरचा हलत नाही बघून पुन्हा वर घ्यायचा. आणि या साऱ्यात वाईट काय, तर महिपतीला ते सगळं लख्ख दिसत होतं. हेच तर तो शिकवत आला होता. एक कुणीतरी निघू दे, देवा, एकच, मग बाकीचे लोटतील, असं तो मनातल्या मनात घोकत होता.

माश्या यायला लागल्या तेव्हा तो उठला आणि मोठ्या रस्त्यावर जाऊन अक्कलकोटकडच्या एका गाडीवानाला घेऊन आला. ज्वारी उतरवून गावाकडे निघालेला शिवलिंगप्पा नावाचा लिंगायत, मराठी त्याला तोडकंमोडकंच यायचं. गाडी गल्लीत घालून त्यानं तिरडी बघितली, मग दोन्हीकडच्या दारांतली ती एवढी माणसं बघितली. तो पार गोंधळून गेला.

"यारू इल्वा?" त्यानं विचारलं. कुणीच नाही का?

महिपतीनं मान हलवली. नाही.

एका बाजूनं महिपती, दुसऱ्या बाजूनं शिवलिंगप्पा, अशी म्हातारी गाडीवर चढली. गाडी निघाली तसे पुरुषांनी मुंडाशी काढून हातात घेतली. बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. अहो, ते रडणं खोटं नव्हतं! जिच्या हातून आपली आई, आपली सासू न्हाली, ती चालली होती, आणि काळजाला पीळ पडून बायका रडत होत्या, जागच्या जागी. चाकांची करकर वस्ती संपेपर्यंत ऐकू येत होती. बाप गेला तसाच आईचा शेवट, परक्याच्या गाडीवर. मधली सारी वर्षं, ती गिरणी, ती शाळा, तो फेटा, सगळं फुकट गेलं.

सुतक फिटल्यावर महिपती शाळेत गेला. दुपारी वर्ग सुटला तरी येडू बसून राहिला. मग एकदम फुटला.

"मास्तर, म्या उंबऱ्यावं आलतो. येक पाय भाईर बी टाकलाता. समोरचाबी आलता. त्यो माज्याकडं बगत हुता, म्या त्येच्याकडं. तुमी शिकवल्यालं समदं मला दिसत हुतं. म्या म्हनलं, आता आपुन निगालो की सगळी निगतील. दिसत हुतं मास्तर, आन् पाय उचलत नव्हता." पोरगं हुंदके द्यायला लागलं.

"तुला जाऊ नको म्हणून कुणी सांगितलं होतं? बापानं?"

"न्हाय."

"धुळाप्पानं?"

"कुनीच न्हाय मास्तर. कुनीच न्हाय सांगितलं."

महिपती त्याच्यावर रागावला नाही. त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, घरी जा म्हणाला. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा. धडा त्याला तोंडपाठ होता, आणि त्या धड्याचा काडीइतका उपयोग झाला नव्हता. पुढच्या शनिवारी पोरं सवालाची वाट बघत बसली. मास्तरनं पाढे म्हणून घेतले. त्याच्या पुढच्या शनिवारीही पाढेच.

आता थोडंच राहिलं आहे. त्या साली थंडीत, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठल्यावर, येडूचा बाप भीमा गेला. तोच छातीचा रोग. सकाळी रडण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं सिदूची हाळी, "भीमाच्या दारात चला वोऽ!" हाळी डावीकडच्या दाराला झाली. पावलं मास्तरच्या दारापाशी आली, जराशी रेंगाळली की तसा भास झाला कुणास ठाऊक, आणि पुढं गेली. उजवीकडच्या दाराला हाळी झाली.

महिपतीनं फेटा बांधला, पायात चप्पल घातली आणि तो उंबऱ्यावर आला. माणसं घराघरांतून निघत होती. समोर लांब भीमाच्या दारात येडू उभा होता, उघड्या डोक्याचा, आणि तो इकडंच, मास्तरच्या दाराकडंच बघत होता. महिपतीनं एक पाय खाली टाकला. शेजारचा खाली उतरला, पण त्यानं नजर चुकवली. पलीकडून धुळाप्पा आला, त्यानं हात जोडले आणि तो पुढं गेला. मी गेलो आणि माझा खांदा लागला म्हणून बाकीचे खांदे मागं सरले तर? पोराच्या बापाचं मढंही तसंच राहिलं तर? असं त्याच्या मनात आलं. ते येडूच्या काळजीनं आलं की स्वतःच्या भीतीनं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिकडं तिरडी उचलली. येडू मडकं घेऊन पुढं झाला, तरी मान वळवून मागं बघतच होता.

आतनं सोजरची हाक आली, "अवं, जावा की! मयताला का बोलावनं लागतंय?"



ती हात पुसत दारापर्यंत आली. नवऱ्याचा एक पाय उंबऱ्यावर, एक खाली. गल्ली रिकामी होत चाललेली. तिनं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि अगदी हळू, खरंच ठाऊक नसल्यासारखं विचारलं, "जाऊ नगा म्हनून कुनी सांगितलं वो तुमास्नी?"

महिपतीनं खालचा पाय वर घेतला, चप्पल काढून भिंतीकडेला ठेवली आणि आत येऊन बसला.